झाडून काढलेलं शेत

एकदा काय झालं, एका राजाच्या वाड्यात गोजरा नावाची बाई झाडलोटीला होती. शरू, पांघरूण लाथाडू नकोस. ही गोष्ट पांघरूण घेऊनच ऐकायची असते. का, ते शेवटी कळेल.

तर गोजरा. अंगाने काटकुळी, पण हाताला विसावा म्हणून नाही. उजाडलं की पदर खोचायचा, खराटा उचलायचा आणि वाड्याचं अंगण झाडायला घ्यायचं. राजाचं अंगण आपल्यासारखं चार पावलांचं नव्हतं बरं का. या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जायची नाही. त्यात बागेतल्या झाडांचा पाचोळा दिवसभर पडायचा. पण संध्याकाळी त्या अंगणात कोणी एक पान शोधून दाखवावं. मोरसुद्धा तिथं पीस टाकायला घाबरतो, असं लोक म्हणायचे.

एक दिवस राणीच्या नथीतला मोती हरवला. सगळे शोधून दमले. गोजरा म्हणाली, केरात गेला असेल. मग तिने उकिरडा उपसायला घेतला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. लोक म्हणाले, जाऊ दे गं, राणीला मोत्यांची काय वाण आहे? पण हातात घेतलेलं काम गोजराने अर्ध्यात सोडलं, असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मोती सापडला. तिने तो धुतला, पदराने पुसला आणि राजापुढे ठेवला.

राजा खूश झाला. म्हणाला, "काय हवं ते माग."

गोजरा म्हणाली, "महाराज, चाळीस वर्षं तुमची जमीन झाडली. आता पायाखाली स्वतःची हवी."

मग राजाने तिला डोंगराच्या पायथ्याला एक शेत दिलं. पण त्या राज्यात एक रीत होती. ज्याला नवी जमीन मिळेल, त्याने स्वतः पिकवलेली पाच भरलेली कणसं दसऱ्याला राजाच्या देवघरात पोचवायची. त्यासाठी तीन दसरे मिळायचे. कणसं पोचली की जमीन कायमची त्याची. तिन्ही दसरे रिकामे गेले की जमीन परत. जमीन राजा देतो पण मालक भुई करते, अशी तिथं म्हणच होती.

गोजराने वाड्यातली खोली सोडली आणि खराटा खांद्यावर टाकून निघाली. तिच्या जागी दुसरी बाई आलीसुद्धा. म्हणजे परतायची वाट बंद. मागे ना पुढे कोणी, जे काय होतं ते हे शेत.

शेत पाहिलं आणि तिने कपाळावर हात मारला. उताराचं रान, जिकडे तिकडे दगडगोटे, बांधावर बोरी-बाभळी, त्यांच्या खाली हराळी माजलेली, आणि सगळ्यावर पाल्याचा थर. ती म्हणाली, "अगंबाई, हे कोणी कधी झाडलंच नाही की."

आता तुम्हीच सांगा, जिने जन्मभर झाडलं ती दुसरं काय करणार? तिने पदर खोचला. मग दगड वेचले, एकूण एक, आणि ओढ्यात नेऊन टाकले. मग बोरी-बाभळी तोडल्या. मग हराळी मुळासकट उपटली, पाला गोळा केला आणि पेटवून दिला. आणि शेवटी खराटा घेऊन या बांधापासून त्या बांधापर्यंत सगळं शेत झाडून काढलं. हसू नका. तिने ते मनापासून केलं होतं.

शेजारी राणू नावाचा म्हातारा शेतकरी राहायचा. तो बांधावर आला, तंबाखू मळत बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "गोजराबाई, रान हाय ह्ये, वाड्याचं आंगण न्हवं. थोडा कचरा राहू द्या."

गोजराने नाक मुरडलं. मनात म्हणाली, याचं शेत बघा, बांधावर झुडपं, खाली काडीकचरा, आणि हा मला शिकवतोय. आणि तिने राणूच्या पावलांचे ठसेही झाडून टाकले.

तिने बाजरी पेरली, आणि पाऊस आला तो एकदम कोसळला. गोजरा शेतातल्या खोपीच्या दारात उभी होती. बघते तर काय, शेताच्या मधोमध जमीन हलली आणि तिच्यातून एक म्हातारी उठली. मातीच्याच रंगाचं लुगडं, मातीच्याच रंगाचं अंग. तिने डोक्यावर बोचकं घेतलं आणि उताराने चालायला लागली.

गोजरा भिजत धावली. "आजी, माझ्या शेतातून कुठं निघालात?"

म्हातारी थांबली नाही. चालता चालता म्हणाली, "टेकायला धोंडा न्हाई ठेवलास, पांघराया पाला न्हाई ठेवलास. मी काय म्हणून राहू गं इथं?"

आणि ती पाण्याबरोबर ओढ्याकडे गेली. पाऊस उघडला तेव्हा शेतात नुसता मुरूम उरला होता. पेरलेली बाजरीही तिच्याबरोबर गेली.

दसऱ्याला कारभारी आला. राजाचा कारभारी, पागोटं तिरकं, आवाज सरळ. त्याने शेताकडे पाहिलं आणि म्हणाला, "फार स्वच्छ आहे." मग एक बोट वर केलं. "एक दसरा गेला." आणि तो गेला.

गोजराला त्या दिवशी स्वतःचा भयंकर राग आला. पण ती रागावून बसून राहणाऱ्यातली नव्हती. मोती शोधायला तिने उकिरडा उपसला होता, मग ही तर अख्खी म्हातारी होती. ती ओढ्याच्या काठाने शोधत निघाली. चालली, चालली, आणि एका वळणाला आली. तिथं ओढा संथ होता, काठावर करंजाचं झाड होतं, आणि झाडाखाली म्हातारी पाय पसरून बसली होती.

गोजरा म्हणाली, "आजी, घरी चला."

"येईन की," म्हातारी म्हणाली. "पर तीन गोष्टी कराव्या लागतील. एक केलीस की दुसरी सांगीन."

"पहिली सांगा."

"पहिली म्हंजी, मला बसाया जागा कर. मी उतरणीची बाई. टेकायला कायबी नसलं, की पाण्यासंगं निघाले म्हणून समज."

गोजरा काय समजायचं ते समजली. ओढ्यात टाकलेले दगड तिने परत वर आणायला घेतले. टाकताना चार दिवस लागले होते, आणताना चार महिने लागले. केलेलं निस्तरायला नेहमी जास्त वेळ लागतो बरं का, नानू, तू परवा दौत सांडलीस तेव्हा पाहिलंस ना? दगड आणले आणि तिने शेताच्या कडेने, वरून खाली, वाड्याच्या भिंतीसारखी एक सरळ भिंत रचली. सुबक. दगडाला दगड लागलेला.

राणू म्हातारा आला. म्हणाला, "भित लई झ्याक झाली. पर पाणी येणार वरनं, आन् तुमी त्याला बाजूला हून वाट दिलीया. त्याच्या आडवं बसा की."

मागच्या वर्षीची गोजरा असती तर तोंड फिरवलं असतं. या वर्षीची म्हणाली, "कसं बसायचं ते दाखवा."

मग तिने सगळी भिंत मोडली. राणूने दाखवलं, मोठा दगड खाली, त्याचं तोंड आत, फटीत बारीक दगड. पाणी अडवायचं नाही, त्याला फक्त दमानं चालायला लावायचं. उताराला आडव्या अशा तीन ताली, म्हणजे दगडी बांध, गोजराने घातल्या. आणि राणूच्या बांधावरून मूठभर हराळी मागून आणली आणि तालीच्या कडेला लावली. ज्या हराळीला तिने मुळासकट उपटलं होतं तीच. मागताना तिची मान खाली होती.

मग ती करंजाखाली गेली. म्हातारी म्हणाली, "माझं पाय भरून आल्यात. उचलून न्हे."

गोजराने पाटी आणली. एका पाटीत म्हातारीचा हात नेला, एका पाटीत पाय नेला. अशा किती खेपा केल्या ते तिलाच माहीत. डोक्यावरचे केस झिजले, पण म्हातारी सगळीच्या सगळी घरी आली आणि मधल्या तालीवर टेकून बसली. पाऊस आला, गेला. म्हातारी जागची हलली नाही.

बाजरी उगवली. गोजराला वाटलं, जिंकले. पण मग पावसाने पाठ फिरवली. वीस दिवस ऊन, नुसतं ऊन. उघड्या जमिनीवर ऊन तापलं आणि म्हातारीच्या अंगाला भेगा पडल्या, बोट जाईल एवढाल्या. गोजराने ओढ्याचं पाणी घागरींनी आणून घातलं. सकाळी घातलेलं दुपारी उडून जायचं. बाजरी गुडघ्याएवढीच राहिली.

दसऱ्याला कारभारी आला. गोजराने सगळं शेत धुंडाळून भरलेली कणसं आणली. मोजली. चार भरली.

"चार आहेत," कारभारी म्हणाला.

"चार तर चार. जमिनीने दिली आहेत," गोजरा म्हणाली.

"बाई, चारला पाच म्हणायचा अधिकार मला नाही." त्याने दोन बोटं वर केली. "दुसरा दसरा गेला." जाताना मात्र त्याने एकदा वळून त्या तीन तालींकडे पाहिलं.

गोजरा म्हातारीजवळ गेली. म्हातारी कण्हत होती. गोजराने तिच्या भेगांवरून हात फिरवला. तिला रडू आलं. जमीन जाईल म्हणून नाही. इतके दिवस आपण हिला तापायला ठेवलं म्हणून. ती म्हणाली, "आजी, दुसरी गोष्ट सांगा."

"पांघरूण," म्हातारी म्हणाली. "दुसरं काय मागणार."

आता पांघरूण आणायचं कुठून? बांधावरची झाडं तर हिनेच तोडली होती. नवी बाभूळ लावली होती, पण ती अजून वीतभर. मग गोजराला एक जागा आठवली. एवढा पाचोळा सगळ्या राज्यात दुसरीकडे कुठेच नव्हता. कुठली? बरोबर, राजाची बाग.

पण तिथं जायचं म्हणजे काय, कळतंय का? गोजरा त्या वाड्यातून ताठ मानेने बाहेर पडली होती. आता त्याच मागच्या दाराशी रिकामी पोती घेऊन उभं राहायचं. नवी झाडणारी बाई हसली. मुदपाकखान्यातल्या बायका हसल्या. "जमीनवाल्या बाई केर न्यायला आल्या बघा." गोजराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण ती म्हणाली, "हसा बायांनो, पण पाला जाळू नका. मी रोज येईन."

आणि ती रोज गेली. चाळीस वर्षं जो पाचोळा तिने बाहेर टाकला, तोच पोत्यात भरून घरी आणला. गोठ्यातलं शेण आणलं. भाजीची देठं, फुलांचं निर्माल्य, काही म्हणून सोडलं नाही. सगळं शेतावर पसरलं. पसरताना हात अडखळायचे बरं का, जन्माची सवय ती. आपल्याच हाताने आपल्या शेतात कचरा करायचा म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून खराटा तिने खोपीच्या आढ्याला बांधून ठेवला, हाताला सहज सापडू नये असा.

उन्हाळा आला. पाल्याखाली म्हातारी गाढ झोपली. एकदा गोजराने पाला जरा बाजूला करून पाहिलं तर खाली गारवा, आणि गांडुळं हळूहळू इकडून तिकडे चाललेली. तिने पाला परत नीट सारखा केला, जसा मी तुमच्या अंगावर करते तसा.

तिसरं वर्ष. आणि पाऊस आलाच नाही. आज येईल, उद्या येईल, लोकांच्या माना दुखल्या वर बघून. शेवटी आला तो फार उशिरा, आणि आठ दिवस थांबला नाही. थांबला तसे सगळे पेरणीची पाभर आणि बैल घेऊन पळत सुटले. दिवस कमी उरले होते ना. बाजरीला पिकायला अडीच-तीन महिने लागतात, आणि दसऱ्याला तेवढेच दिवस होते. एक दिवसही इकडे तिकडे नाही.

गोजराने बियाणं ओटीत घेतलं आणि ती तालीशी आली. म्हातारी जागी झाली होती. म्हणाली, "तिसरी ऐक. अंग वलं असताना मला हात लावायचा न्हाई. मूठभर माती घे, दाब, आन् सोड. फुटली तर पेर."

गोजराने मूठ दाबली आणि सोडली. मळलेल्या कणकेसारखी माती हाताला चिकटली. म्हणजे नाही.

तेवढ्यात कारभारी आला. त्याचं स्वतःचं शेत खालच्या अंगाला होतं, तिथून येताना त्याच्या पायांना घोट्यापर्यंत चिखल होता. म्हणाला, "बाई, माझी पेरणी झाली. तुम्ही काय बसलात? आज पेरलं नाहीत तर दसऱ्याला कणीस यायचं नाही. आणि उद्या परत पाऊस लागला तर? हा शेवटचा दसरा आहे."

तो वाईट बोलत नव्हता, खरंच बोलत होता. गोजराने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा हाताकडे. म्हणाली, "माती चिकटतेय. आज नाही."

आणि ती तालीवर बसली. रिकाम्या हातांनी. दगड वाहणं तिला जमलं होतं, हसू ऐकणं जमलं होतं. पण काम समोर असताना बसून राहायचं, हे तिने जन्मात कधी केलं नव्हतं. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मातीचा मऊ लाडू झाला, फुटेना. सगळीकडे पाभरी चालल्या होत्या. गोजराला राहवेना. ती उठली, एक पाय शेतात टाकला. पाय रुतला, आणि खालून म्हातारी कण्हली. गोजराने पाय काढून घेतला. आता जमीन जाणार, हा विचार काही डोक्यातून जाईना. ती रडली. रडली, पण बसूनच राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मूठभर माती घेतली, दाबली आणि सोडली. माती खाली पडली आणि भुरभुर फुटली. याला म्हणतात वाफसा. म्हातारी म्हणाली, "आता."

राणू बैल जुंपून तयारच होता. त्यानेही आपली पेरणी थांबवली होती. दोघांनी मिळून दोन्ही शेतं पेरली.

मग काय झालं? ज्यांनी चिखलात पेरलं होतं त्यांच्या जमिनीवर ऊन पडताच खपली धरली, दगडासारखी. कोंब आतल्या आत गुदमरले. कारभाऱ्याचं शेतही तसंच गेलं. गोजराची बाजरी मात्र पाचव्या दिवशी वर आली. मध्ये पावसाने परत ओढ दिली, पण पांघरुणाखाली ओल टिकून राहिली. बाजरीची ताटं उंच झाली, डोक्याच्या वर गेली.

पण दिवस कमी पडले ते पडलेच. दसऱ्याच्या सकाळी कणसं हिरवीच होती. दाणा दाबला की दूध यायचं. गोजरा ओळीओळीने फिरली. हिरवं, हिरवं, सगळं हिरवं. लांबून कारभाऱ्याचं तिरकं पागोटं दिसायला लागलं. ती मधल्या तालीवर मटकन बसली, जिथं म्हातारी रोज टेकून बसायची तिथंच.

आणि वर पाहिलं. तालीच्या आत, जिथं वाहून आलेली माती सगळ्यात जाड साठली होती, तिथली ताटं इतरांच्या आधी पिकली होती. कणसं मोजली. एक, दोन, तीन, चार. आणि पाचवं तिच्या खांद्याला टेकलं होतं.

कारभाऱ्याने कणसं हातात घेतली. दाणा काढून दातांखाली धरला. कटकन वाजला. त्याने बोट वर केलं नाही. पायातलं पायताण काढलं, मग शेतात पाऊल टाकलं, आणि खाली वाकून मूठभर माती उचलली. म्हणाला, "बाई, ही मूठ कशी बघायची, ते मला शिकवाल का?"

गोजरा म्हणाली, "शिकवीन. पण आधी बसायला शिकावं लागेल. मला तेच सगळ्यात जड गेलं."

राजाच्या देवघरात कणसं पोचली. राजा खूश झाला, त्याला खूश व्हायला काय लागतं. म्हणाला, "गोजराबाई, तुला आणखी एक शेत देतो."

गोजराने हात जोडले. "नको महाराज. हिची ओळख आता कुठं झाली आहे."

मग सुगी आली. गोजराने आढ्याचा खराटा सोडला. पण शेत झाडलं नाही. मळणीसाठी खळं केलं होतं, शेणाने सारवलेलं, तेवढंच लख्ख झाडलं. राणू म्हणाला, "हां, आता खराटा जाग्याला आला." बांधाकडच्या दोन ओळी तिने पाखरांना ठेवल्या. कारभाऱ्याला बियाणं दिलं, मुदपाकखान्यातल्या बायकांना भाकरीपुरती बाजरी दिली, हसल्या होत्या तरी दिली. लावलेली बाभूळ वाढली, तिचा पाला खाली पडला आणि गोजराने तो तिथंच राहू दिला. संध्याकाळी ती तालीवर बसायची. शेजारी म्हातारी बसायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत.

सुगीनंतर गोजरा पाला पसरायची आणि म्हणायची, "झोपा आता, आजी." आणि म्हातारी झोपायची. वर्षभर पोसून दमलेली असायची ना ती.

आता कळलं, शरू, पांघरूण का घ्यायचं? अंगावर घेतल्याशिवाय भुईलासुद्धा झोप लागत नाही. गोजरा सुखात राहिली, राणू सुखात राहिला, पाखरंही पोटभर जेवून आपापल्या झाडावर गेली. जागे उरलात ते तुम्हीच. पाय आत घ्या. हां, असे. झोपा आता.